साकवावरचा भारा: नेटवर्कवरच्या स्टोरेजला केवढा तुकडा द्यायचा

मे महिन्याच्या मध्यावर, कॅनिंग ऐन भरात असताना, सकाळी सव्वासहाला फोन वाजला. "ताई, रात्रीचं काहीच दिसत नाहीये. दोनशे क्रेट मोजून ठेवले होते, आज सतरा कमी भरतायत." गुहागर तालुक्यात खाडीच्या अंगाला आंब्याचा एक कारखाना आहे. तिथलं नेटवर्क, कॅमेरे, सर्व्हर मी बघते. चहासुद्धा न घेता स्कूटर काढली. शेडमधल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचा लॉग उघडला तर रात्री दोनच्या सुमाराला कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम मारून टाकलेला. कारण तिथेच लिहिलेलं: आउट ऑफ मेमरी. आणि ती मेमरी खाल्ली होती मीच, आठवड्यापूर्वी "जरा वेग वाढवते" म्हणून केलेल्या दोन बदलांनी.

क्रेट दुपारी पलीकडच्या शेडमध्ये सापडले, कुणीतरी चुकीच्या थप्पीत लावले होते. कारखान्याचे काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त त्या दिवशी चहा विचारला नाही. आमच्याकडे तेवढं पुरतं.

त्यानंतर मी बसून नेटवर्कवरून डेटा केवढ्या तुकड्यांनी न्यायचा आणि त्याला मेमरी किती लागते हा सगळा हिशोब नीट मांडला, तोच इथे देते. कमांड आणि फाइलींची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थात नेहमीसारखी करा.

जागेची कल्पना द्यायला हवी, कारण आकडे तिच्यावरच ठरतात. वर रस्त्याला ऑफिस, जुनं चिऱ्याचं घर. तिथे ४ जीबी मेमरीचा जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून आहे, त्यावर लिनक्स आणि एनएफएस, म्हणजे एका यंत्रावरचं फोल्डर नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राला वापरू देणारी सोय. खाली खाडीकडे, साधारण नऊशे मीटरवर, शेड. मध्ये माडांची वाडी आणि तिच्या डोक्यावरून जाणारी रेडिओ लिंक. उन्हाळ्यात ही लिंक खरेखुरे ४० एमबीपीएस देते, पिंग, म्हणजे जाऊन यायचा वेळ, ६ मिलिसेकंद. पाऊस लागला आणि झावळ्या ओल्या झाल्या की १० एमबीपीएसवर उतरते. शेडमध्ये दोन यंत्रं: १ जीबीचा पाय, जो चार कॅमेरे यूएसबी डिस्कवर रेकॉर्ड करतो आणि तेच फोल्डर एनएफएसने ऑफिसला दाखवतो, आणि ८ जीबीचा एक डेस्कटॉप, ज्यावरून मालाचे फोटो आणि व्हिडिओ वरच्या सर्व्हरवर जातात.

सर्व्हरकडचा गुणाकार

एनएफएसमध्ये एका वेळी किती डेटा मागायचा हे आरसाइझ ठरवतो, किती पाठवायचा हे डब्ल्यूसाइझ. लिनक्सवर वर्षानुवर्षं त्याची कमाल १ एमबी, म्हणजे १०४८५७६ बाइट होती; नव्या कर्नलमधला बदल पुढे येतो. क्लायंटने, म्हणजे मागणाऱ्या यंत्राने, कितीही मागितलं तरी सर्व्हर आपल्या मर्यादेच्या पुढे जात नाही. दोघांत जे लहान ते ठरतं.

आता सर्व्हरची मर्यादा कुठून येते ते बघा, कारण बहुतेक जण इथेच गंडतात, मीही गंडले. कर्नलमधला एनएफएसडी, म्हणजे एनएफएसचा सर्व्हर, सुरू होताना यंत्राची एकूण मेमरी बघतो आणि एका थ्रेडमागे (थ्रेड म्हणजे मागण्या हाताळणारा एकेक गडी) तिच्या ४०९६व्या हिश्श्याहून जास्त घ्यायचं नाही असं धरतो. सुरुवात १ एमबीपासून, आणि त्या हिश्श्यात बसेपर्यंत निम्मं-निम्मं करत जातो. म्हणजे कागदावर ४ जीबीच्या यंत्राला १ एमबी मिळायला हवा. पण ४ जीबीचं यंत्र कर्नलला कधीच पूर्ण ४ जीबी दिसत नाही, थोडी मेमरी आधीच कुठे ना कुठे राखलेली असते. मग १ एमबी जरासा बसत नाही, निम्मा होतो, आणि हाती येतो ५१२ केबी. ऑफिसच्या सर्व्हरवरून जोडलेल्या माझ्या फोल्डरात, म्हणजे माउंटमध्ये, ५२४२८८ हा आकडा का दिसतो याचं कोडं मला दोन वर्षं होतं, त्याचं उत्तर एवढंच. त्याच न्यायाने १ जीबीच्या पायला २५६ नाही, १२८ केबी मिळतात.

हा आकडा प्रॉक-एफएस-एनएफएसडी या फोल्डरात मॅक्स ब्लॉक साइझ नावाच्या फाइलीत असतो. कॅट करून वाचता येतो, आणि एनएफएसडी बंद असताना त्यात नवा आकडा लिहिताही येतो. चालू असताना लिहायला गेलात तर 'बिझी' म्हणून परत पाठवतो.

मी काय केलं होतं? पायवर तो आकडा १ एमबी केला. आणि ऑफिसमधून तिघं एकदम रेकॉर्डिंग बघतात म्हणून थ्रेड ८ वरून ६४ केले. प्रत्येक बदल एकटा बघितला तर निरुपद्रवी. पण एनएफएसडीचा प्रत्येक थ्रेड सर्वांत मोठी मागणी मावेल एवढी मेमरीची पानं आधीच उचलून बसतो, काम असो वा नसो. आधी ८ गुणिले १२८ केबी, म्हणजे १ एमबी. नंतर ६४ गुणिले १ एमबी, म्हणजे ६४ एमबी, तेही कर्नलच्या मेमरीत, जी स्वॅपमध्ये, म्हणजे तात्पुरती डिस्कवर, जात नाही. शिवाय सॉकेटचे बफर वेगळे. चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग सहाशे एमबीच्या वर असताना, रात्रीच्या बॅकअपने उरलीसुरली मेमरी मागितली आणि कर्नलला जो सगळ्यांत जाड दिसला त्याला त्याने मारलं. जाड कोण, तर रेकॉर्डिंग.

तेव्हा पहिलं काम: थ्रेड गुणिले तुकडा. हा आकडा कागदावर लिहा आणि यंत्रावरचं मुख्य काम चालू असताना फ्री कमांडमध्ये 'अव्हेलेबल' किती दिसते त्याच्याशी ताडून बघा. माझा दंडक असा की हा गुणाकार त्या उरलेल्या मेमरीच्या विसाव्या हिश्श्याच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या त्या न मिळालेल्या चहाचा आहे.

२०२५ मध्ये आलेल्या ६.१६ कर्नलमध्ये सर्व्हरची कमाल मर्यादा ४ एमबीपर्यंत नेली आहे. आपोआप मिळणारी कमाल १ एमबीच राहिली, हे चांगलं केलं. ६४ थ्रेड आणि ४ एमबी म्हटलं की २५६ एमबी नुसते मांडून ठेवायचे. शंभर जीबीच्या सर्व्हरला ते सुपारीएवढं, आपल्याकडच्या यंत्रांना नाही.

साकव

मग तुकडा किती मोठा हवा? मोठा तुकडा म्हणजे वेग, हा समज डोक्यातून काढायचा असेल तर पऱ्ह्यावरचा साकव आठवा. एका वेळी एकच माणूस जाईल एवढा रुंद. डोक्यावर गवताचा प्रचंड भारा घेऊन कुणी त्यावर चढलं की तो पलीकडे उतरेपर्यंत मागचे सगळे थांबले, मग मागच्याच्या हातात नुसती दुधाची बरणी का असेना. भारा मोठा केल्याने साकव रुंद होत नाही. पण अगदी मूठ-मूठ गवत नेलंत तर निम्मा दिवस येण्याजाण्यातच जाईल.

याचं गणित सरळ आहे. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ एमबी. जाऊन यायला ६ मिलिसेकंद. एका वेळी एकच मागणी पाठवून उत्तराची वाट बघायची असं धरलं तर ३२ केबीच्या तुकड्याला साडेसहा मिलिसेकंद तारेवर आणि सहा मिलिसेकंद वाट बघण्यात. म्हणजे लिंकचा जेमतेम ५२ टक्के वापर. १२८ केबीला ८१ टक्के. २५६ केबीला ९०. आणि १ एमबीला ९७. हे बघून कुणालाही वाटेल, घ्या की १ एमबी. पण खऱ्या आयुष्यात एका वेळी एकच मागणी कधीच नसते. क्लायंट चार-आठ-सोळा मागण्या एकदम सोडतो. आणि लिंक भरलेली राहायला मध्ये किती डेटा असायला लागतो? वेग गुणिले वेळ: ५ एमबी गुणिले ६ मिलिसेकंद, म्हणजे अवघे ३० केबी. बाकी जे काही तुम्ही सोडता ते साकवाच्या तोंडाशी भारे रचून उभं राहतं, आणि ते रचायची जागा म्हणजे तुमची मेमरी.

आता त्या दुधाच्या बरणीचं बघू. ४० एमबीपीएसवर १ एमबी जायला २१० मिलिसेकंद लागतात. असे सोळा पुढे असतील तर मागून आलेल्या साध्या एलएसला, म्हणजे फोल्डरची यादी मागणाऱ्या कमांडला, तीन सेकंदांहून जास्त वाट. पावसात १० एमबीपीएसवर तेच तेरा सेकंद. "फोल्डर उघडतच नाही हो" अशी तक्रार शेडमधून यायची ती हीच. फोल्डर उघडत होतं, रांगेत होतं. एकदा तुकडा कनेक्शनवर चढला की तो पुरा जाईपर्यंत दुसऱ्याला वाट नाही. तुकडे लहान असले तर मधल्या फटीतून लहानसहान मागण्या निसटतात.

ऑफिसच्या आतल्या गिगाबिट तारेवर ही भीती नाही. तिथे १ एमबी साडेआठ मिलिसेकंदांत जातो. आणि गंमत म्हणजे पिंग ०.३ मिलिसेकंद धरला तर तिथेही तार भरायला सदतीस-अडतीस केबीच पुरतात. मग मोठा तुकडा कशाला? तर प्रत्येक मागणीमागे प्रोसेसरला काही ना काही काम पडतं म्हणून. सेकंदाला १०० एमबी, ४ केबीच्या तुकड्यांनी न्यायचे तर पंचवीस हजार मागण्या; १ एमबीने शंभर. फिरत्या डिस्कला सलग मोठा तुकडा मिळाला की तीही सुखावते. म्हणजे मोठा तुकडा वाचवतो तो प्रोसेसर आणि डिस्कचं डोकं, तार नाही. कुठे काय महाग आहे ते बघून ठरवायचं.

म्हणून मी एकाच सर्व्हरच्या दोन क्लायंटना दोन वेगळे आकडे देते. ऑफिसमधल्यांना सर्व्हर देईल ते, म्हणजे ५१२ केबी. रेडिओपलीकडच्या शेडला आरसाइझ आणि डब्ल्यूसाइझ दोन्ही १३१०७२, म्हणजे १२८ केबी. उन्हाळ्यात एक तुकडा २६ मिलिसेकंदांत जातो, पावसात १०५ मध्ये. सहन होण्यासारखं आहे.

आकडा १०२४च्या पटीत द्या. एफएसटॅबमध्ये, म्हणजे माउंटची यादी असते त्या फाइलीत, बदलून नुसतं रिमाउंट करू नका, त्याने आकडा बदलत नाही. अनमाउंट करून परत माउंट करायचं. आणि मग एनएफएसस्टॅटला एम हा पर्याय देऊन खरोखर काय ठरलं ते वाचायचं. एफएसटॅबमध्ये लिहिलं ते मागणं, एनएफएसस्टॅटमध्ये दिसतं ते मिळालेलं.

इथे एक खड्डा आहे. उत्तराची किती वाट बघायची हे सांगणारा टाइमिओ हा पर्याय सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात मोजतात. टीसीपीवर तो न सांगता ६०० असतो, म्हणजे साठ सेकंद. माझ्याआधी इथलं काम बघणाऱ्याने कुणीतरी तो "दहा मिनिटं फारच झाली" समजून ६० केला होता, म्हणजे सहा सेकंद. मोठे तुकडे, पाऊस आणि सहा सेकंद असं जुळलं की क्लायंट धीर सोडून तेच ओझं पुन्हा पाठवायच्या मागे लागतो. हा पर्याय मी काढूनच टाकला. 'सॉफ्ट' माउंटही काढला; लिंक डगमगली की तो लिहिण्यात चूक परत देतो आणि पुष्कळ प्रोग्रॅम ती चूक बघतही नाहीत.

न पोचलेला माल

तुकड्याचा आकार सुधारला आणि मी समाधानाने घरी गेले. पण मेमरी खाणारी सगळ्यांत मोठी गोष्ट तुकडा नव्हतीच. शेडमधून कुणी दोन जीबीचा व्हिडिओ सर्व्हरवर कॉपी केला की कॉपीची पट्टी अर्ध्यापर्यंत सरसर जाते. ते सर्व्हरवर गेलेलं नसतं, शेडच्या डेस्कटॉपच्या मेमरीत थांबलेलं असतं. लिनक्स मोकळ्या होऊ शकणाऱ्या मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत असा न पोचलेला डेटा साठू देतो, त्याला डर्टी म्हणतात, आणि १० टक्क्यांना मागच्या मागे पाठवायला लागतो. वेगवान डिस्कसाठी हे ठीक आहे. रेडिओसाठी नाही.

त्या डेस्कटॉपवर प्रॉकमधल्या मेमइन्फोत डर्टी आणि राइटबॅक या दोन ओळी मी दर सेकंदाला बघत बसले. बेरीज १.१ जीबीपर्यंत चढली. सेकंदाला ५ एमबीने ती उतरायला पावणेचार मिनिटं. पावसातल्या वेगाने जवळजवळ पंधरा. आणि शेडमधला यूपीएस, मी घड्याळ लावून मोजलाय, साडेपाच मिनिटं टिकतो. जूनमध्ये वीज जाते तेव्हा सांगून जात नाही, आणि गेली की साडेपाच मिनिटांत येतही नाही.

तेव्हा माझा हिशोब उलट्या बाजूने सुरू होतो: यूपीएस किती टिकतो, त्यातले किती सेकंद मी डेटा पोचवायला देईन, आणि लिंकचा सगळ्यांत वाईट वेग किती. एक मिनिट गुणिले सेकंदाला सव्वा एमबी, म्हणजे पंचाहत्तर एमबी. मी डर्टी बाइट्स ६४ एमबी ठेवले आणि डर्टी बॅकग्राउंड बाइट्स १६ एमबी. दोन्ही सिस्टिमकंट्रोलच्या व्हीएम विभागात असतात, बाइटमध्ये लिहायचे. बाइटचा आकडा लिहिला की टक्क्यांचा आपोआप शून्य होतो, घाबरू नका. आता कॉपीची पट्टी पहिल्यापासून हळू चालते. शेडमधल्या पोरग्याने लगेच विचारलं, "ताई, स्लो केलंत काय?" त्याला म्हटलं, आधी ती तुला फसवत होती, आता खरं सांगतेय.

ही मर्यादा अख्ख्या यंत्राला लागते, आतल्या डिस्कवर कॉपी करतानाही. ते नको असेल तर सिस-क्लास-बीडीआय फोल्डरात त्या माउंटचा नंबर शोधून तिथल्या मॅक्स रेशोत टक्के कमी करता येतात. मला ते पुन्हा पुन्हा लावत बसायचा कंटाळा येतो, कारण माउंट नव्याने झालं की नंबर बदलू शकतो.

अजून एक बारकावा, जो मला उशिरा कळला. तुकडा सर्व्हरवर पोचला म्हणजे क्लायंटची मेमरी मोकळी झाली असं नाही. सर्व्हर आधी "मिळालं" म्हणतो, पण ते त्याच्या मेमरीत असतं. क्लायंट नंतर कमिट मागतो, सर्व्हर डिस्कवर उतरवतो आणि मगच क्लायंट ती पानं सोडतो. मध्येच सर्व्हर पडून उठला तर त्याची खूण बदललेली दिसते आणि क्लायंट सगळं परत पाठवतो. ही व्यवस्था फार सुंदर आहे, आणि एक्स्पोर्टवर, म्हणजे सर्व्हर जे फोल्डर देतो त्याच्या ओळीत, 'असिंक' लिहिलं की ती मोडते: सर्व्हर डिस्कवर न उतरवताच "उतरवलं" म्हणतो. वेगासाठी असिंक सुचवणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्याकडे वीज जात नसेल.

वाचताना पुढचं आणून ठेवणं

वाचण्याच्या बाजूला तुकड्याइतकाच महत्त्वाचा असतो रीड अहेड, म्हणजे मागायच्या आधीच पुढचं आणून ठेवणं. ५.४ कर्नलच्या आधी एनएफएस आरसाइझच्या पंधरापट आणून ठेवायचा. १ एमबीला १५ एमबी, तेही प्रत्येक उघड्या फाइलीमागे. चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग एकदम उघडलं की ६० एमबी. ५.४पासून हा आकडा सरळ १२८ केबी झाला, आणि मग उलटी तक्रार सुरू झाली: आरसाइझ १ एमबी आहे तरी वेग का नाही? कारण प्रोग्रॅम स्वतः छोटे छोटे घास घेत असेल तर मागणी १२८ केबीच्या पुढे जातच नाही. भलामोठा आरसाइझ नुसता दाखवायला.

हा आकडाही बीडीआयच्या त्याच फोल्डरात रीड अहेड केबी नावाने असतो. ऑफिसमधून पायवरचं रेकॉर्डिंग बघायला मी ५१२ ठेवलाय: १२८ केबीच्या चार मागण्या एकाच वेळी वाटेत. लिंक भरायला ३० केबी पुरतात हे वर आलंच आहे, पण पायची यूएसबी डिस्क अधूनमधून दम खाते, त्यासाठी हा साठा. व्हिडिओ पुढे-मागे ओढताना मात्र आणलेलं फुकट जातं, म्हणून त्याहून जास्त नाही.

बाकीचे ड्रायव्हर, थोडक्यात

विंडोजवाल्यांसाठी सांबा, म्हणजे विंडोजच्या एसएमबी पद्धतीने फोल्डर देणारा सर्व्हर, असेल तर तिथे एसएमबी२ मॅक्स रीड आणि मॅक्स राइट हे ८ एमबीवर असतात. एसएमबीत दर ६४ केबीला एक क्रेडिट, म्हणजे सर्व्हरची परवानगी, लागतं, म्हणजे १ एमबीच्या एका मागणीला सोळा. सर्व्हर क्रेडिट हात आखडून देऊ लागला की मोठे तुकडे आपोआप अडतात. लिनक्सच्या सीआयएफएस माउंटला आरसाइझ, डब्ल्यूसाइझ एनएफएससारखेच देता येतात. रेडिओपलीकडे मी तिथेही १३१०७२च लिहिते.

आयस्कझीत, म्हणजे नेटवर्कवरून अख्खी डिस्कच जोडायच्या पद्धतीत, आकडे जास्त आहेत आणि नावं लांबलचक. ओपन-आयस्कझीच्या फाइलीत मॅक्स बर्स्ट लेंग्थ १६ एमबीच्या जवळ असते, फर्स्ट बर्स्ट २५६ केबी, क्यू डेप्थ, म्हणजे एकदम किती मागण्या, ३२. इथेही गुणाकार तोच: डेप्थ गुणिले एका मागणीचा आकार. मागणीचा आकार ठरवते सिस-ब्लॉकमधली मॅक्स सेक्टर्स केबी ही फाइल, आणि ती मॅक्स हार्डवेअर सेक्टर्सच्या पुढे जात नाही. छोट्या यंत्रावर आधी डेप्थ ३२ची ८ करा, तुकड्याला नंतर हात लावा. बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं. आयस्कझी रेडिओवर चालवू नका एवढं मात्र हात जोडून सांगते.

व्हर्च्युअल मशिनमध्ये बाहेरच्या यंत्राचं फोल्डर बघायला ९पी वापरत असाल तर त्याचा एमसाइझ, म्हणजे एका निरोपाचा कमाल आकार, ५.१६ कर्नलच्या आधी आपोआप फक्त ८ केबी असायचा, म्हणून सगळे तो वाढवा म्हणतात. वाढवा, पण जुन्या कर्नलवर एक ध्यानात ठेवा: फाइलीचं नाव-गाव विचारणाऱ्या चिमुकल्या निरोपालाही तिथे अख्ख्या एमसाइझएवढा बफर मिळायचा. नारळाच्या पोत्यात एक लिंबू.

ड्रायव्हरच्या आत

ज्यांना आत हात घालायचा आहे त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर. मी स्वतः ड्रायव्हर लिहून पोट भरत नाही, पण दुसऱ्याचा फाटलेला शिवला आहे. एका यंत्राबरोबर आलेला नेटवर्क स्टोरेजचा ड्रायव्हर महिनाभर छान चालायचा आणि मग अचानक लॉगमध्ये "पेज अ‍ॅलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ८" लिहून माउंट सोडून द्यायचा. फ्रीमध्ये तेव्हा दोनशे एमबी मोकळे दिसायचे. मग अडचण कसली?

ऑर्डर ८ म्हणजे दोनाचा आठवा घात, २५६ पानं, ४ केबीच्या हिशोबाने सलग १ एमबी. मोकळे दोनशे एमबी होते, पण इथे एक पान, तिथे दोन, असे विखुरलेले. लग्नाच्या हॉलमध्ये शंभर खुर्च्या रिकाम्या असतात पण अख्खं घर एकत्र बसेल अशी एक ओळ नसते, तसं. प्रॉकमधली बडीइन्फो फाइल बघितली की कळतं: डावीकडचे रकाने भरलेले, उजवीकडचे शून्य. आणि कर्नल ऑर्डर ३पर्यंतच, म्हणजे ३२ केबीपर्यंतच, जिवाचं रान करतो. त्यापुढच्या मागणीला तो लवकर हात वर करतो.

दुरुस्ती अशी की सलग बफर मागायचाच नाही. सुटी पानं घ्यायची, त्यांची यादी करायची आणि सॉकेटला ती यादीच द्यायची. तुकडा १ एमबीचाच राहतो, पानं मात्र कुठलीही. मोठी मागणी नाहीच मिळाली तर निम्म्यावर उतरायची वाट ठेवायची, थेट चूक परत द्यायची नाही. यादीलाही मर्यादा असते: मॅक्स सेगमेंट्स १२८ असतील आणि सगळी पानं सुटी असतील तर तुमचा "१ एमबी" प्रत्यक्षात ५१२ केबीवर तुटतो. महिनाभर चाललेल्या यंत्रावर तुकडे लहान का होतात याचं हे एक कारण.

आणि शेवटचा, सगळ्यांत वाईट सापळा. मेमरी संपत आली की कर्नल म्हणतो, डर्टी पानं बाहेर पाठवा म्हणजे जागा होईल. पाठवायला ड्रायव्हरला मेमरी लागते. मेमरी नाही म्हणून पाठवता येत नाही, पाठवता येत नाही म्हणून मेमरी नाही. आतल्या डिस्कपेक्षा नेटवर्कवर हे जास्त बोचतं, कारण तिथे पॅकेट पाठवायला मेमरी लागतेच, वर सर्व्हरचं उत्तर घ्यायलाही लागते. म्हणून लिहिण्याच्या वाटेवर मेमरी मागताना "फाइलसिस्टिमकडे परत जाऊ नकोस" हा झेंडा लावायचा, आणि एक तरी तुकडा पुढे सरकेल एवढा छोटा राखीव साठा बाजूला ठेवायचा. त्या साठ्याचा आकार सर्वांत मोठ्या तुकड्यावर ठरतो. म्हणजे कमाल तुकडा ४ एमबी केलात तर राखीव मेमरीही चौपट. मॅक्स वाढवताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

लावल्यावर कसं बघायचं

एका वेळी एकच आकडा बदला. मग खऱ्या कामाच्या वेळी एनएफएस-आयओस्टॅट दर पाच सेकंदांना चालवा आणि तीन रकाने बघा: एका मागणीमागे किती केबी, सरासरी आरटीटी आणि सरासरी एक्झी. आरटीटी म्हणजे तारेवर गेल्यापासून उत्तर येईपर्यंत. एक्झी म्हणजे मागणी जन्मल्यापासून. दोन्ही जवळ असतील तर बरं चाललंय. एक्झी आरटीटीच्या कितीतरी पट असेल तर रांग तुमच्याच यंत्रात आहे, आणि ती रांग मेमरीत उभी आहे. शेडमध्ये पूर्वी आरटीटी दोनशे मिलिसेकंदांच्या घरात आणि एक्झी चार हजारांवर असायचा. आता पावसातही एक्झी पाचशेच्या आत राहतो. आरटीटीच मोठा असेल आणि एक्झी त्याला चिकटून असेल, तर सर्व्हरची डिस्क किंवा लिंक बघायची. तुकड्यांशी खेळून उपयोग नाही.

हे मे महिन्यात एकदा आणि पहिला पाऊस लागल्यावर एकदा करा. कोरड्या हवेत जुळवलेले आकडे मृगात फसतात. मी ७ जूनच्या आसपास एक फेरी मारतेच. अँटेनाच्या तोंडावर आलेली झावळी तोडून घेणं हाही त्याच फेरीचा भाग, आणि खरं सांगायचं तर कधीकधी त्यानेच सगळ्यात जास्त फरक पडतो.

पायवर आता थ्रेड ८ आणि ब्लॉक त्याला आपोआप मिळतो तोच, १२८ केबी. तिघं एकदम बघतात तेव्हा कधी कधी चित्र अर्धा सेकंद अडतं. काकांना विचारलं, चालेल का? म्हणाले, "रेकॉर्डिंग बंद नको पडायला. बाकी अडलं तर अडू दे." मग चहा आला.

आकडे लावले की एफएसटॅबमध्ये त्या ओळीच्या वर एक टीप लिहून ठेवा. माझ्याकडची अशी आहे: "१२८ केबी, कारण रेडिओ ४०/१० एमबीपीएस, पिंग ६. यूपीएस साडेपाच मिनिटं. लिंक बदलली तर पुन्हा मोजणे." पुढच्या वर्षी शेडपर्यंत फायबर येणार अशी बोलणी चालली आहेत. आलं तर ती ओळ पुसेन, आणि डर्टी बाइट्सचा आकडा मात्र यूपीएसची बॅटरी बदलल्याशिवाय हलवणार नाही.